तीन नंबरमधला ठिपका

लंबू मेला तो मामामुळे. यंत्रामुळे नाही, आणि नशिबामुळे तर मुळीच नाही.

मामा कोल्ड स्टोरेजचा मॅनेजर. त्याने दोन नियम केले होते. एक, हमालांनी मोबाईल बाहेरच्या ट्रेमध्ये ठेवून आत जायचं, म्हणजे कामचुकारपणा नको. दुसरा, संध्याकाळी सहानंतर रिकाम्या खोल्यांना आपोआप कुलूप लागायचं. आत कोण आहे ते यंत्र खिशातल्या मोबाईलवरून ओळखायचं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्या मोबाईलचा ठिपका असला तर दार उघडं, नसला तर बंद.

हे दोन नियम एकमेकांच्या जिवावर उठणार, हे भाच्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कॉलेज अर्ध्यावर सोडून तो तिथे कॉम्प्युटर सांभाळायला लागला होता.

"यंत्र माणसं मोजत नाही मामा, मोबाईल मोजतं."

"आधी डिग्री घेऊन ये, मग अक्कल शिकव."

लंबू हमाल बिचारा नियम पाळणारा. एका संध्याकाळी मोबाईल ट्रेमध्ये ठेवून तो तीन नंबरच्या खोलीत पेट्या रचायला गेला. पडद्यावर शून्य. आतून दार उघडायची कडी वर्षभर मोडलेली, ती दुरुस्त करायला मामाला सवड नव्हती. सकाळी लंबू दाराला टेकून बसलेला सापडला. 'मयत विनापरवानगी आत गेला,' असा अहवाल मामाने सांगितला आणि भाच्याने मान खाली घालून टाइप केला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तीन नंबरमध्ये एक ठिपका दिसू लागला. खाली लंबूचं नाव. त्याचा मोबाईल तर पोलिसांनी बंद करून नेलेला.

उद्या चौकशीचे साहेब येणार होते. साडेसहाला मामा टेबलापाशी आला.

"तो ठिपका पुसून टाक."

"पुसला तरी परत येतो."

पडद्यावर ठिपका दाराच्या आतल्या अंगाला, अगदी चिकटून होता. बाहेर कॉम्प्रेसरची घरघर, ओल्या पुठ्ठ्यांचा आणि अमोनियाचा वास. भाचा हल्ली एकाच गोष्टीचा विचार करायचा. जिवंतपणी लंबू या पडद्याला कधी दिसलाच नाही. खिसा रिकामा, म्हणजे माणूस नाही. मग आता जो मोजला जातोय, त्याच्या खिशात काय आहे?

"आत कोणी नाही, दाखवतो तुला. भित्री भागूबाई."

"मामा, मोबाईल तरी घेऊन जा…"

"नियम मी केला आणि मीच मोडू?"

मोबाईल ट्रेमध्ये टाकून मामा आत शिरला. किल्ली त्याच्याच खिशात.

ठिपका हलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. सावकाश दाराबाहेर आला. तीन नंबरमध्ये शून्य. कुलूप खट्कन लागलं.

ठिपका बोळातून पुढे सरकत राहिला. बोळात चिटपाखरू नव्हतं. टेबलापाशी आल्यावर तो थांबला. अंतर, अर्धा मीटर. भाच्याच्या उजव्या कानाला गार वारा लागला. त्याने मान वळवली नाही.

तिकडे मामा दार बडवू लागला. भाच्याने फोन उचलला, माणसं बोलावली. दार कापायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ ठिपका तिथेच होता, कोणीतरी काम संपायची वाट बघत बसावं तसा.

मामाला बाहेर काढलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. भाच्याने कान जवळ नेला.

"जाताना… मला विचारलं त्याने…"

"काय?"

"साहेब, मोबाईल बाहेर ठेवलात ना?"

दुसऱ्या दिवशी भाच्याने चौकशीच्या साहेबांना दोन्ही नियम, मोडकी कडी, सगळं सांगितलं. लंबूवरचा ठपका पुसला गेला. ठिपका मात्र भाच्याच्या टेबलापाशीच राहिला, अर्ध्या मीटरवर.

मामाची नोकरी गेली, आणि उजव्या हाताची तीन बोटं.