पागोळ्यांखाली

मी जुन्या इमारतींचे फोटो काढतो. पाडायच्या आधी, नाहीतर दुरुस्तीच्या आधी. बायको म्हणते, तुम्ही माणसांपेक्षा भिंतींशी जास्त बोलता. त्यात खोटं काही नाही. भिंत ऐन वेळी डोळे मिटत नाही आणि फोटोत जाड दिसले म्हणून रुसतही नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हेही आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकून तुमचा गैरसमज व्हायला नको.

गावाबाहेरच्या त्या चर्चचं काम साधंच होतं. इमारत दोनशे वर्षांची. दफनभूमीकडची लांब भिंत ओल धरून फुगली होती, कारण कौलांवरचं पाणी पागोळ्यांनी थेट तिच्या पायाशी पडायचं. आता छपराला पन्हळ लावायची आणि पाणी वाहून न्यायला भिंतीलगत चर खणायचा, असं ठरलं होतं. खणायला माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. त्याआधी भिंत आहे तशी टिपून ठेवा, असा फादरचा निरोप होता. फादर तरुण, नुकतेच बदलून आलेले. सकाळी त्यांनी मला मोठ्या हौसेनं जुन्या वह्या दाखवल्या. बाप्तिस्मा, लग्नं, मृत्यू, सगळ्यांची वेगळी वही. शिवाय पूर्वीच्या एका फादरची रोजनिशी, वाळवीनं कडा खाल्लेली.

दुपार कलल्यावर मी भिंतीकडे वळलो. मागे दफनभूमीचं कुंपण, त्यामुळे मागे सरकायला जागा नाही. अशा वेळी आम्ही भिंत तुकड्यातुकड्यांनी घेतो. एक फोटो, की कॅमेरा तीन पावलं पुढे. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा थोडा भाग पुन्हा यायला हवा, म्हणजे नंतर सगळे जोडता येतात. मी घंटेच्या मनोऱ्याकडून सुरुवात केली.

तेवढ्यात घंटामावशी आल्या. त्यांचं खरं नाव मला कुणी सांगितलंच नाही. नवरा चाळीस वर्षं चर्चची घंटा वाजवायचा, त्याच्यामागे त्या वाजवू लागल्या, गुडघे कुरकुरू लागेपर्यंत. त्या कट्ट्यावर टेकल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, भिंतीचं सगळं बघताच आहात तर माझं एक काम करा.

काम असं होतं. त्या काळी बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाला दफनभूमीत जागा नसे. मग लोक गुपचूप त्याला भिंतीलगत, वळचणीखाली पुरायचे. फादर बाप्तिस्म्याचं पाणी देत नाहीत तर निदान चर्चच्या छपरावरून ओघळलेलं पाणी त्याच्यावर पडावं म्हणून. वर दगड नाही, कुठल्या वहीत नोंद नाही. मावशींचं पहिलं बाळ अर्धा तास जगलं. त्या बिछान्यावर होत्या. नवरा एकटाच खोकं घेऊन गेला आणि परत आल्यावर एवढंच म्हणाला, की घंटेकडून तिसऱ्या खिडकीखाली. पुढे त्यानं जन्मात तो विषय काढला नाही, की या बाजूला फिरकला नाही. मावशी मात्र दर पावसाळ्यात तिसऱ्या खिडकीखाली उभ्या राहून भिजायच्या आणि बाळाशी बोलायच्या. पन्नास वर्षं.

फादरना त्यांनी हे त्याच आठवड्यात सांगितलं होतं. फादरनी शब्द दिला होता, की जागा नक्की दाखवा, तिथे दोन हात सोडून खणू. आता मावशींना धास्ती एकच, की आपलं मोजणं चुकलं तर उद्या सकाळी बाळावर कुदळ पडेल.

तिसरी म्हणजे तिसरी, त्यात चुकायचं काय, असं मी म्हणणार होतो. पण तेव्हा ऊन तिरपं झालं होतं, आणि तिरप्या उन्हात भिंत मनातलं बोलते. मनोरा आणि पहिली खिडकी यांच्यामधल्या गिलाव्यावर मला एक पुसट चौकट दिसली. हात फिरवला. चिणलेली खिडकी होती. सकाळी रोजनिशीत वाचलेलं आठवलं, वादळात भिंत तडकली म्हणून घंटेजवळची खिडकी बंद केली. मी मावशींना बाळाचं साल विचारलं. खिडकी बंद झाली ती त्याच्या पुढच्या वर्षी.

"मावशी, तुम्हाला हे कसं कळलं नाही?"

"बाळ गेल्यावर दोन वर्षं मी या चर्चची पायरी चढले नाही." त्या बोटं मोजत होत्या. "म्हणजे तेव्हाची तिसरी..."

"आजची दुसरी."

मला वाटलं होतं त्यांना हायसं वाटेल. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला स्वतःचा राग आला. नको तिथे शहाणपणा करायची माझी खोड जुनी आहे.

काहीतरी करायचं म्हणून मी कॅमेऱ्यावर काढलेले फोटो चाळू लागलो. चौथ्या फोटोत दुसऱ्या खिडकीखालची जमीन ओली होती. तळहाताएवढा ठिपका. तीच जमीन तिसऱ्या फोटोच्या कडेला आली होती, आणि तिथे ती कोरडी ठणठणीत. दोन फोटोंमध्ये दोन मिनिटांचंही अंतर नसेल. माझी बाटली सांडली असेल म्हणून पाहिलं, तर ती पिशवीत बंद होती. चार महिने पावसाचा थेंब नव्हता.

आम्ही तिथे गेलो. जवळ गेल्यावर ओल्या चुन्याचा वास आला आणि मग तो आवाज... टप्. थोड्या वेळानं पुन्हा, टप्. मी वर पाहिलं. कौलं उन्हानं तापलेली, आभाळ स्वच्छ. मावशी मात्र गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसल्या. ओल्या मातीवर तळवा ठेवून त्या म्हणाल्या, "इथे होतास होय रे..."

मला रडू आलं, यात लाजण्यासारखं काही नाही. मी भिंतीलगत बाजूला सरकलो आणि त्यांना न सांगता शेवटचा एक फोटो काढला. मग दोन दगड आणून खुणेला लावले आणि फादरना बोलावून जागा दाखवली. निघताना मावशींनी माझा हात धरला. एकदम हळू आवाजात विचारलं, "मग इतकी वर्षं मी तिथे बोलत होते... ते ऐकत कोण होतं?"

मी तिसऱ्या खिडकीकडे एकदा पाहिलं आणि निघालो.

घरी पोचल्यावर मी फोटो संगणकावर घेतले. शेवटच्या फोटोत मावशी दुसऱ्या खिडकीखाली बसलेल्या आहेत. सावली उतरली होती म्हणून मी कॅमेऱ्याचं शटर दोन सेकंद उघडं ठेवलं होतं. एवढ्या वेळात झुळूक जरी आली तरी पानं फिसकटतात. मागे भिंतीच्या टोकाला असलेल्या झाडाचं पान न् पान स्पष्ट आहे. वारा नव्हताच. तरी मावशींच्या खांद्यावरच्या शालीचं टोक खाली लोंबत नाही. ते तिसऱ्या खिडकीच्या दिशेनं, जमिनीलगत, ताठ ताणलेलं आहे.

मी फादरना फोन लावला. कसं सांगावं कळेना, म्हणून एवढंच म्हणालो की उद्या तिसऱ्या खिडकीखालीही खणू नका.

ते म्हणाले, "मावशी आत्ताच येऊन हेच सांगून गेल्या. गारठ्यात शालीशिवाय आल्या होत्या. शाल कुठे विचारलं, तर म्हणाल्या, सोडेना... म्हणून देऊन आले."