फक्त जपानमध्ये लागू

“या इलेक्ट्रिक कुकरची वॉरंटी किती आहे?” यामिनीनं फ्रेंचमध्ये विचारलं, आणि लगेच मराठीत पुटपुटली, “कळलं का बाई याला...”

“एक वर्ष,” विक्रेता फ्रेंचमध्ये म्हणाला. मग खाली वाकून, शुद्ध मराठीत, “आणि हो, कळलं.”

सहा शनिवारांपूर्वीची ही गोष्ट. टोकियोतलं सात मजली इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान. त्याच्या छातीवर ‘फ्रेंच बोलतो’ असा बिल्ला होता आणि तिच्या पुस्तकातला धडा होता खरेदीचा, वॉरंटीच्या चौकशीचा. तिची कंपनी तिला फ्रान्समध्ये लियाँला पाठवणार होती, फक्त भाषेची मुलाखत पास व्हायला हवी होती. तो शर्व तानाबे. वडील सोलापूरचे, आई जपानी, कोबेची; आडनाव आईचं. “सराव हवाय ना? दर शनिवारी या,” तो म्हणाला, “पण इथं मराठी बंद.”

आणि ही बया खरंच दर शनिवारी इचिकावाहून ट्रेननं यायला लागली. वॉशिंग मशीन, हेअर ड्रायर, पाय चेपायचं यंत्र... सगळ्या दुकानाच्या वॉरंट्या विचारून झाल्या, घेतलं मात्र काहीच नाही.

“मॅडम, तुमच्याइतकं संशयी गिऱ्हाईक मी पाहिलं नाही.”

“तुम्ही खात्रीचं काही बोलतच नाही, मग काय करू?”

असल्या दोन वाक्यांवर तिचा आठवडा निघायचा. प्रेमातच पडली होती ती, दुसरं काय.

आज सातवा शनिवार. बाहेर पाऊस, हातात ओली छत्री.

“पास झाले,” ती फ्रेंचमध्ये म्हणाली. “शुक्रवारी निघतेय. दोन वर्षांसाठी.”

त्याचा हात कुकरच्या झाकणावर थांबला. “अभिनंदन,” तो म्हणाला आणि सरळ असलेलं खोकं पुन्हा सरळ करत बसला. दोन रॅक पलीकडे त्याचे सुपरवायझर उभे होते. बोल ना रे काहीतरी... तिनं मनात दहा आकडे मोजले.

“हा कुकर मी तिकडे नेला, तर वॉरंटी चालेल?”

“नाही. फक्त जपानमध्ये.”

“म्हणजे इथून गेलं की... संपलं?”

“नियमानं तरी,” तो खाली बघत म्हणाला, “संपलं.”

तिला रडू येईल असं वाटलं, आणि रागही आला. “द्या मग. एक पॅक करा.”

“तिकडच्या विजेवर जळेल तो.”

“जळू दे.”

त्यानं वॉरंटी कार्ड भरलं, तारखेवर दुकानाचा चौकोनी शिक्का मारला, खोक्यावर कार्ड ठेवून ते दोन्ही हातांनी पुढं केलं आणि कमरेत वाकला. कुठल्याही गिऱ्हाइकापुढे वाकतात, तस्साच. यामिनी वळली. लिफ्टपाशी पोचेपर्यंत डोळे भरलेच. रुमाल काढताना पिशवीत टाकलेलं कार्ड हाती आलं.

‘फक्त जपानमध्ये लागू’ या छापील ओळीवर पट्टीनं मारल्यासारख्या दोन रेघा होत्या. आणि रेघांवर एक छोटा, गोल, लाल शिक्का... तानाबे. दुकानाचा नव्हे, त्याचा स्वतःचा. ऑफिसचे फॉर्म भरताना शंभरदा केलं होतं तिनं हे. या देशात छापील ओळ नुसती खोडून भागत नाही. खोडणाऱ्यानं त्यावर आपला शिक्का मारला, की मग जबाबदारी त्याची.

लिफ्ट आली आणि गेली. यामिनी काउंटरवर परतली तेव्हा तो तिथंच उभा होता, कानापर्यंत लाल.

“तानाबे-सान,” तिनं कार्ड पुढं सरकवलं. मराठीत बोलली, त्या पहिल्या शनिवारनंतर दुकानात पहिल्यांदाच. “यात चूक आहे. मी दोन वर्षं तिकडे असणार. इथं मुदत एकच वर्ष लिहिलीय.”

शर्वनं तिच्याकडे पाहिलं. सुपरवायझर पाहत होते, तरी पाहिलं. खिशातून बोटभर शिक्का काढला. “तीही... खोडू?”

“खोड,” ती म्हणाली.