आखाजीचं ऊन

डबा होता. रीळ नव्हतं.

उद्या पुण्याहून माणसं येणार होती, जनकाबाईंचा एकमेव उरलेला मूकपट उतरवून घ्यायला. अकरा मूकपटांची नायिका. बोलपट आले, तिचं वऱ्हाडी बोलणं ऐकून स्टुडिओ हसला आणि ती बीबीला, आपल्या गावी, परतली. दोन वर्षांची लेक मागे ठेवून ती वारली. तिच्या भावानं लाजेपोटी तिचे फोटो जाळले. त्या लेकीला, झुंबरबाईंना, आता एक्क्याण्णवावं चालू होतं. आईचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. उद्या दिसणार होता.

चोरीची तक्रार आली म्हणून हवालदार धम्मशीला झुंबरबाईंच्या बाजेशेजारी बसली.

"आजी, डबा ठेवता त्या पेटीची किल्ली कोणाजवळ असते?"

"तोंड इकडं कर, पोरी. कान गेले माहे. होठ पाहून समजते मले."

ती समोर सरकली, पुन्हा विचारलं.

"गळ्यात. आंघोळीलेच काढते."

"आंघोळ कोण घालतं?"

"सून. जयमाला. तिच्यावर संशय घेतला त चहा भेटणार नाही तुले."

"डबा शेवटचा कधी उघडला?"

"उघडत नाही मी. आखाजीच्या सणाले नुसता गच्चीवर ठेवते, दिवसभर. डाळीले ऊन दाखवतो ना, भुंगा लागू नये म्हणून? तसं मायले. सत्तर वर्षं झाले, एक साल चुकलं नाही."

गच्चीवर, वाळत घातलेल्या कुरडयांशेजारी, फरशीवर गंजाचे गोल होते, एकात एक. खाली मोरीच्या जाळीत तपकिरी भुकटी अडकलेली. आंबूस वास. डब्यालाही तोच.

धम्मशीलानं पुण्याला फोन करून एकच प्रश्न विचारला. उत्तर ऐकून ती जयमालाकडे गेली.

झुंबरबाईंचा डोळा लागला होता. बाजेकडे पाठ करून जयमाला उभी होती, तिच्यासमोर धम्मशीला.

"चोरी झालीच नाही, वहिनी. त्या काळची फिल्म उष्णतेनं कुजते. सत्तर उन्हाळ्यांत तिची भुकटी झाली. पाहुणे येणार म्हणून आंघोळीच्या वेळी किल्ली घेऊन तुम्ही डबा पुसायला काढला, तेव्हा कळलं. भुकटी मोरीत ओतली तुम्ही. चोर तुम्हीच उभा केला."

"मंग काय सांगू सासूबाईले?" जयमाला म्हणाली. "चोर असला त शिव्या देतीन, रडतीन, जगतीन. आपल्याच हातानं मायचं तोंड पुसलं, हे कसं सांगू?"

"नका सांगू. चोर सापडला नाही, म्हणते मी."

बोलता बोलता तिची नजर बाजेवर गेली.

झुंबरबाईंचे डोळे उघडे होते. धम्मशीलाच्या ओठांवर खिळलेले.

त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. "माय," एवढंच धम्मशीलाला वाचता आलं.

मग त्यांनी किल्ली गळ्यातून काढून उशाशी ठेवली.

"जयमाले," त्या म्हणाल्या, "म्याडमले चहा दे."