नटावरचं कुंकू

कुणाचा विश्वास बसो न बसो, मी तिथे होते. मावशीच्या शेजारी, ओट्यावर बसले होते.

१९८६ साल. मरोळची चाळ. खंडेनवमीची भर दुपार.

भुतं म्हणे रात्रीच येतात. असं म्हणणाऱ्यांनी ती दुपार बघायला हवी होती.

सुलक्षणा मावशीचे यजमान, धाकूकाका, आपल्या बुलेटला मेकॅनिकचा हात लागू देत नसत. इंजिनचं सगळं काम घरीच, अंगणात गोणपाट अंथरून. ऑइल बदललं की इंजिनखालचा नट आवळायचे, मावशीच्या डबीतलं कुंकू त्यावर टेकवायचे आणि पान्याने इंजिनवर तीनदा वाजवायचे. कुंकू लागलं म्हणजे काम पक्कं.

त्याच बुलेटवरून गोरेगावला जाताना ते घसरले आणि गेले. नट सैल होऊन सगळं ऑइल मागच्या चाकावर आलं होतं. चाळ म्हणाली, धाकू नट आवळायला विसरला. मावशी जो भेटेल त्याला सांगायची, की आदल्या संध्याकाळी तिने स्वतः नटावर कुंकू पाहिलं होतं. कुणी ऐकलं नाही. नवरा गेला तो गेला, वर निष्काळजी ठरला. हे तिला जास्त लागलं होतं.

शेजारचा अंबादास काकांच्याच कारखान्यात होता. काकांना मिळणारी फोरमनची जागा त्याला मिळाली. त्या खंडेनवमीला तोच म्हणाला, वहिनी, गाडी गंजून जाईल, मी सर्व्हिसिंग करून पूजेला उभी करतो. मावशीने चावी काढून दिली. मला तिचा रागच आला.

त्याने स्पार्क प्लग काढून कागदावर ठेवला. काळं ऑइल घमेल्यात काढलं, नट आवळला, नवं ऑइल भरलं आणि हात पुसायला घेतले…

बोटं लाल होती.

काका गेल्यापासून मावशीच्या घरात कुंकवाची डबीच नव्हती.

त्याने नट पुसला. पुन्हा आवळला.

टप… टप…

नट आपोआप उलटा फिरत होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

मग इंजिनच्या आतून…

टक्. टक्. टक्.

पाना तर गोणपाटावर पडला होता.

अंबादास पांढराफटक पडला. दोन्ही हातांनी नट दाबून धरत बडबडायला लागला, "धाकू, मी अर्धाच फेरा सैल केला होता रे. नुसतं घाबरवायचं होतं तुला."

अख्ख्या चाळीने ऐकलं.

तेवढ्यात किक फिरली. प्लग कागदावर, टाकीत पेट्रोल नाही, तरी दांडा गर्रकन येऊन त्याच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज ओट्यापर्यंत आला.

मला वाटलं, संपलं.

मावशी जागची हलली नाही. तिने पदर सावरला आणि गाडीकडे बघत, जेवायला वाढू का विचारावं तशा आवाजात म्हणाली,

"अहो… आणखी एकदा."

आणि दांडा पुन्हा फिरला.

अंबादासच्या त्या हाताने परत कधी पाना धरला नाही.

मावशी आता थकली आहे. बुलेट अजून अंगणात आहे. दर खंडेनवमीला नटावर ताजं कुंकू असतं, आणि ते कोण लावतं हे मी विचारत नाही.

खरं सांगू? मला त्या गाडीची भीती वाटत नाही. पण मावशी माझ्यावर जराशी जरी रागावली, तरी माझी नजर आधी किकच्या दांड्याकडे जाते.