पंख्यातला कापूस

"मशीन उघडा, अन् आमच्यासमोर उघडा," सरजाबाई म्हणाल्या. "मंग या पोरीला खोटं बोलायला जागा राहणार न्हाई."

सरजाबाई मुलींचे वसतिगृह चालवत. लातूरच्या शिकवणीच्या गल्लीत त्यांचा धाक होता. महादेवप्पांना त्यांनी दुरुस्तीचे दुकान बंद करायला लावून बोलावून आणले होते.

महादेवप्पांनी लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढले. झाकण निघाले. आत राखाडी कापसाचा बोळा होता.

"बघा," सरजाबाई म्हणाल्या. "हिचा बाप अहमदपूरला गाद्या भरतो. कापूस दुसऱ्या कुणाकडं असणार? निघालाय तो बसनं. आज पोरीला घेऊन जाईल."

खोलीच्या दारात भरलेल्या बॅगेवर मनतशा बसली होती.

लॅपटॉप तिच्या खोलीतल्या महामायाचा. सलग तीन रविवार सराव परीक्षा अर्ध्यावर आली की तो तापून बंद पडत होता. उद्या शेवटची परीक्षा. शिकवणीच्या पहिल्या तुकडीत एकच जागा उरली होती, आणि ती या दोघींपैकी एकीला मिळणार होती.

"कापूस घालताना कुणी बघितलं?" महादेवप्पांनी विचारले.

"मी," महामाया हळूच म्हणाली. "गेल्या रविवारी. बाजूच्या जाळीत केसाची पिन घालून बसली होती."

"घालत होती का काढत होती?"

महामायाने मनतशाकडे पाहिले.

"मनतशा, तू सांग."

"काढत होते, चाचा. आत काहीतरी दिसलं म्हणून. न्हाई निघालं."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं की. ऐकतंय कोण?"

महादेवप्पा महामायाकडे वळले. "इतर दिवशी बंद पडतो?"

"न्हाई. इतर दिवशी शिकवणीच्या अभ्यासिकेत असतो, टेबलावर. रविवारचा पेपर इथं खोलीत देते."

त्यांनी खोलीवर नजर फिरवली. भिंतीतल्या फळ्या रिकाम्या. टेबलावर साधा पेलासुद्धा नाही. पुस्तके, डबे, घड्याळ, सगळे जमिनीवर. कोपऱ्यात विटलेल्या हिरव्या लुगड्याची वाकळ घडी घालून ठेवलेली.

"सामान खाली का हाय?"

"माझा नियम हाय," सरजाबाई म्हणाल्या. "भूकंपात माझी धाकटी लेक वरून पडलेल्या दगडाखाली गेली. माझ्या घरात गुडघ्याच्या वर काही ठेवायचं न्हाई."

"मंग रविवारी लॅपटॉप कुठं असतो?"

"खालीच. चार पदरी वाकळ मीच अंथरते. पोरीच्या मशीनला फरशीचा धक्का लागू नये."

महादेवप्पांनी चिमट्याने बोळा काढून पांढऱ्या कागदावर पसरला.

"पिंजलेला नवा कापूस पांढरा असतो, लांब धाग्याचा. हा मळका भुगा हाय. अन् हे बघा, हिरव्या सुताचे तुकडे. ही तुमची वाकळ हाय, बाई."

"तिनं वाकळीतला काढून घातला असंल."

"घालणार कुठून? बोळा पंखा अन् आतल्या तांब्याच्या जाळीच्या मधी होता. बाहेरून पिनीनं तिथं काही जात न्हाई. पंखा खालून हवा ओढतो. हवेसंगं वाकळीचा भुगा ओढला. वाकळीनं खालची भोकं बुजली, बोळ्यानं आतली वाट. मशीन तापणार न्हाई तर काय?"

"म्हंजी मी केलं?"

"मायेनं केलंत. पण तुम्हीच केलंत."

सरजाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. महादेवप्पांनी पंखा ब्रशने झाडला, चिपवरची उष्णता वाहून नेणारी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, झाकण बसवले.

"जमिनीवरच ठेवा, पण लाकडी पाटावर. खालून हवा खेळली पाहिजे. अन् दोन-तीन महिन्यांनी आतून झाडून घ्या."

"मनतशा, बॅग उघड माय," सरजाबाई म्हणाल्या. "तुझ्या अब्बांना मी समजावते."

मनतशा उठली नाही. "काल जेवताना सगळ्या पोरींपुढं बोललात. आज एकट्या अब्बांना सांगून कसं चालंल?"

सरजाबाई उठल्या. जिन्याशी गेल्या आणि एकेकीचे नाव घेऊन मुलींना खाली बोलावले. अंगण भरले.

"मनतशानं काही केलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मशीन माझ्यामुळं बंद पडलं. मी पोरीवर खोटा आळ घेतला."

महामाया येऊन मनतशाशेजारी जमिनीवर बसली. "मला बी तसंच वाटलं होतं," ती म्हणाली. मनतशाने तिच्याकडे पाहिले नाही, पण सरकलीही नाही.

फाटकाशी रिक्षा थांबली. मनतशाचे अब्बा महेबूबभाई आत आले. पोरीची गादी बांधून न्यायला त्यांनी दोरी आणली होती. कुणाकडे बघावे ते त्यांना कळेना.

सरजाबाई पुढे झाल्या. सगळे पुन्हा एकदा, पहिल्यापासून सांगितले.

महेबूबभाईंनी पोरीकडे पाहिले. "चलायचं का राहायचं, बेटा?"

मनतशा बॅगेवरून उठली.

"दोरी ठेवा पिशवीत, अब्बा. उद्या पेपर हाय."