दिवा फिरत राहिला

शोभा, दार लोटून घे आणि बस. ही गोष्ट मला अंकुशरावानं सांगितली, आणि त्या माणसाला खोटं बोलताना मी कधी ऐकलं न्हाई. आपल्या खजुरी गावचाच होता तो.

साल अडुसष्ट. अंकुशराव कारवारला निघाला होता, दाजीला निरोप सांगायला. दाजी म्हणजे श्रीपतराव, त्याच्या थोरल्या बहिणीचा, राजूबाईचा नवरा. कारवारच्या पुढं समुद्रात एका बेटावर तो दीपगृहाच्या नोकरीला होता. इंग्रजाच्या वेळचं दीपगृह. बेटावर झाड न्हाई, गोडं पाणीसुद्धा नावेनं न्यायचं. दिवा फिरता होता. भिंतीवरच्या घड्याळासारखी त्याला चावी द्यावी लागायची. ती दीड तास पुरायची, की परत द्यायची. रातभर. दिवा फिरायचा थांबला तर जहाजवाल्याला जागा ओळखू येत न्हाई, जहाज सरळ खडकावर येतं. म्हणून दोघं माणसं आळीपाळीनं जागायची.

राजूबाईनं समुद्र बघितला नव्हता. लग्नाला चार वर्षं झाली होती. तिची पत्रं अंकुशरावच लिहून द्यायचा, आणि दर पत्रात एक ओळ ठरलेली, 'तुमचा दिवा मला कवा दावणार?' तिकडून उत्तर यायचं, 'यंदा दिवाळीला नेतो.'

आषाढी अमावस्येच्या दोन दिवस अगोदर, मंगळवारी, तुरीत खुरपताना तिला साप चावला. आळंदच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली. वाटेतच... रात्री दहाला गेली.

तार केली होती. ती कारवारच्या पोस्टात पडून राहिली, कारण पावसाळ्यात बेटाकडं नाव जात न्हाई. म्हणून अंकुशराव स्वतः गेला. सात दिवस किनाऱ्यावर बसून काढले. समुद्र जरा निवला, तवा एक म्हातारा कोळी तयार झाला.

श्रीपतराव खडकावर उभाच होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. अंकुशराव तोंड उघडणार, त्याच्या आधी तोच म्हणाला,

"अंकुश, तुझ्या अक्काला एकटीला कामून पाठवलास?"

अंकुशराव नावेतनं उतरून जवळ गेला.

"माझा जोडीदार पावसाआधी घरी गेला तो तिकडंच अडकला. मी एकटा. त्या मंगळवारी ताप चढला. अकराची चावी द्यायची होती, पाय उचलंनात. खालच्या खोलीत पडून होतो. दिवा थांबायला आलेला... तवा ती आली. कपाळावर हात ठेवला. म्हणाली, 'तुम्ही पडा, मी बघते.' अन् जिना चढून गेली."

"मग?"

"मग चावीचा आवाज. दीड तासानं परत. पहाटेपर्यंत."

"बोलली काय?"

"वरनं एकदाच. 'केवढं पाणी आहे हो...'"

वारा तेवढा वाजत होता.

"उजाडल्यावर वर गेलो. न्हवती. दहा दिवस बेट हुडकायलोय. नाव आली न्हाई, गेली न्हाई. कुठं आहे ती, अंकुश?"

अंकुशरावानं सांगितलं. मंगळवार. रात्री दहा.

श्रीपतराव रडला न्हाई. खाली बसला. कपाळ चाचपत म्हणाला, "हात गार होता तिचा. मला वाटलं, माझ्या तापामुळं गार लागायलाय."

तो त्या नावेनं गावाकडं आला न्हाई. तेराव्यालाही न्हाई, वर्षश्राद्धालाही न्हाई. नोकरी संपेपर्यंत त्या बेटावरनं बदली मागितली न्हाई त्यानं.

काय म्हणालीस? तापात भास झाला असंल?

अंकुशरावालाही तसंच वाटलं. म्हणून निघायच्या आधी तो एकटाच जिना चढला.

दगडी जिना. कोरडा. बाहेर बेटभर नुसता खडक, चिमूटभर माती न्हाई.

पहिल्या पायऱ्यांवर काही न्हवतं.

वळणावर... थांबला.

पाऊल. भिंतीकडच्या अंधारात, अनवाणी, बाईचं. चिखल वाळून पापुद्रा झालेला.

पुढच्या पायरीवर दुसरं.

त्यानं नखानं उकरून बघितलं. काळी माती. आपल्या रानातली.

वर. आणखी वर. थेट दिव्यापर्यंत.

खाली येणारं पाऊल... एकही न्हवतं.