नाव घेतलेला मुक्काम

मला वाटलं होतं, आल्प्सचा नकाशा उघडला की अख्खी वस्ती माझ्याभोवती कोंडाळं करील. बायका विचारतील, थंडी किती असते, खायला काय मिळतं, गाडीची खिडकी उघडते का. झालं भलतंच. सहलीतल्या दुसऱ्या रात्रीच्या मुक्कामाचं नाव मी मोठ्यानं वाचलं आणि शेकोटीभोवतीची माणसं गप्प झाली. सुषमावहिनीनं मांडीवरचं पोर उचललं, माझ्याकडे न बघता ती घरात गेली, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

न्हावऱ्याच्या पुढं, शिरूर-चौफुला रस्त्यापासून आत आमची वस्ती आहे. आजोबांच्या काळी आमचे लोक मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत चालत जायचे. आता ऊस आहे, गोठे आहेत, निम्मी पोरं रांजणगावच्या कंपन्यांत जातात. मी मात्र लहानपणीच वसतिगृहात गेले, मग दिल्लीला, आणि शेवटी झुरिकला. तिथं मी चराऊ कुरणांचा अभ्यास केला. तिथला मेंढपाळ डोंगरावरून खाली उतरला की गाव त्याच्या स्वागताला उभं राहतं. ते पाहताना मला दर वेळी माझी कस्तुराआत्या आठवायची. नवरा गेल्यावरही ती एकटी वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरांमागं फिरणाऱ्या आमच्या बिऱ्हाडांबरोबर, घाट चढत-उतरत राहिली. तिनं एकदा तरी डोंगर बसून बघावा, एवढंच मला हवं होतं. चूर या गावाहून निघून बर्फातून चढत जाणारी आणि डोंगरापलीकडे तिरानो या गावी उतरणारी लाल आगगाडी, छतापर्यंत काचा असलेली. त्या काचेशी आत्या. हे ठरवूनच मी परत आले होते. तिचा पासपोर्ट आला, व्हिसा आला. आता मुक्काम पक्के करून तिकिटं काढायची, तेवढंच उरलं होतं.

ती शेकोटीची रात्र पौषातल्या अमावस्येची होती, रविवारची.

"झालं समाधान?" माझा चुलतभाऊ स्वराज म्हणाला. "तू जाशील परत उडून. इथं आम्हाला राहायचंय."

"मी एका गावाचं नाव घेतलं फक्त."

"गावाचं न्हाई. मुक्कामाचं घेतलंस," मच्छिंद्रमामा म्हणाले. मामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ. उभी हयात टेंपो चालवला, आता आमच्याच वस्तीवर असतात. आवाज कधी चढवत नाहीत, तो तेव्हाही चढला नाही. "दिवं लागल्यावर उद्याच्या मुक्कामाचं नाव घ्यायचं न्हाई. वाडा हलायचा तवा मुक्काम फकस्त एकाला ठाव असायचा. सकाळी त्यानं काठी ज्या अंगाला केली, त्या अंगाला समदी निघायची. नाव कुणी घ्यायचं न्हाई."

"का पण?"

"ऐकणारा म्होरं जाऊन बसतो."

मी हसले. दुसरं कुणी हसलं नाही.

"कोण ऐकणारा?"

"त्याला नाव न्हाई. कवातरी वाटंवर मेलेला कुणी. वाड्यानं त्याला तिथंच ठिवला आन् आपला पुढला मुक्काम गाठला. तवापास्नं तो मुक्काम ऐकतो आन् आदी जाऊन बसतो. वाडा पोचला की एकाला ठिवून घेतो. नाव चुकून तोंडातनं गेलंच, तर वाडा त्या गावाला जायचाच न्हाई. ती वाट मोडायची, दुसरी धरायची."

"मामा, हे गाव इथून हजारो किलोमीटरवर आहे."

"कारेगावातनं बी तेवढंच लांब हुतं," मामा म्हणाले. त्यांनी एक लाकूड आत सारलं. "बस खाली. सांगतो."

मी बसले. मला ती गोष्ट खोडून काढायची होती, म्हणून बसले.

"कारेगावचा तात्याबा. माझा साडू. खोटं वाटलं तर त्याची बायको म्हाळसा हाय अजून, तिला इचार. मागल्याच्या मागल्या साली, पौषातलीच चतुर्दशी, मंगळवार. त्या दिवशी मी त्याला टेंपोतनं शिक्रापूरला नेलं, बूट आणाय. बर्फातलं बूट. जल्मभर पायताण घातल्याला गडी. दुकानात बूट घालून असा चालला, जसं खुरात काटा घुसल्यालं मेंढरू. दुकानदार हसला. तात्याबा बी हसला. मला म्हणला, 'मच्छिंदर, गाडी बर्फातनं जाती म्हणं. आपून आतनं बघायचं.'"

"कुठली गाडी?" मी विचारलं.

"हीच तुजी. लाल."

स्वराजनं माझ्याकडं पाहिलं.

"त्याच्या पोरानं ठरवल्यालं, पप्पूनं. चांगलं पोर. कामगारांना खोल्या दिल्या होत्या भाड्यानं, बरं चाललं हुतं. आईबापाला परदेश दावायचा, एवढंच त्याच्या डोक्यात. तुज्यासारखंच." मामांनी विस्तवावरचं लाकूड सारखं केलं. "रातच्याला मी तिथंच राह्यलो. जेवणं झाली. पप्पूनं टीव्हीला फोन जोडला. गाडीची वाट दावली, बोगदं दावलं, पूल दावलं. तात्याबा खाटंवर बसून बघतोय, बूट मांडीवर घिऊन. मग पप्पू एकेक मुक्काम सांगाय लागला. म्हाळसा भाकरी झाकत हुती. ती म्हणली, 'पप्पू, मुक्काम सांगू नगंस रं.' पप्पू म्हणला, 'आई, वाडा हाय का आता आपला? बंगल्यात राहतोय आपण.' आन् घेतलं त्यानं नाव."

मामांनी मात्र ते घेतलं नाही. नुसतं माझ्याकडं पाहिलं, आणि मला कळलं की मी वाचलेलं गाव आणि पप्पूचं गाव एकच होतं. त्यात नवल नव्हतं. त्या वाटेवर बरेच लोक तिथंच उतरतात. मी स्वतःला हे सांगितलं.

"दारात चार मेंढरं होती. नादापायी ठिवल्याली. बसली होती. ती समदी उठली. रस्त्याकडं तोंड करून उभी राह्यली. कुत्रं भुंकलं न्हाई. आन् कारेगावात रातीचं ट्रक थांबत्यात का कवा? त्या वक्ताला एक बी ट्रक न्हाई. मग घंटा ऐकू आली."

"कसली?" स्वराजनं विचारलं. त्यानं ही गोष्ट पूर्वी ऐकलेली असणार, तरी विचारलं.

"बिऱ्हाड लादल्यालं घोडं असतंय ना, त्याच्या गळ्यातली. रस्त्यानं चालली हुती. सावकाश. आमी दारात आलो. रस्ता मोकळा. दिव्याचा उजेड. घंटा आमच्या म्होरनं गेली... दिसलं काय न्हाई."

लांब चौफुल्याच्या बाजूला एक गाडी गेली. तिचा आवाज पूर्ण विरेपर्यंत मामा रस्त्याकडं बघत होते.

"पप्पू चिडला. म्हणला, 'बसा. ते ठेसन आत्ताच्या आत्ता दावतो. तिथं कॅमेरा हाय, रातंदिस चालू असतो. म्हंजी तुमचं भ्या जाईल.' दावलं त्यानं. तिकडं सांज झाल्याली. बर्फ पडत हुतं. दिवं लागल्यालं. एक बाक. माणूस न्हाई कुणी. पप्पू म्हणला, 'बघा.'"

"मग?"

"बाकाच्या शेजारी... खाली."

स्वराज पुढं झुकला.

"घोंगडं."

"म्हणजे?"

"उकिडवा बसल्याला. आमच्याकडं पाठ. काठी आडवी टाकल्याली."

"मामा, पोतं असेल," मी म्हणाले. "बर्फ वितळवायला मीठ टाकतात तिथं, त्याची पोती असतात."

"व्हय. पप्पू बी तेच म्हणला. पोतं हाय."

"मग झालं तर."

"मग पोतं उठलं."

शेकोटीत काहीतरी तडकलं. आत्यानं पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"फिरलं. कॅमेऱ्याकडं आलं. घाई न्हाई. येतच राह्यलं. टीव्ही भरला. काळा. लोकरीचा एकेक केस दिसत हुता. आन् वास... वल्ल्या लोकरीचा. घरात. म्हाळसानं बटण दाबलं. टीव्ही बंद हुईना. मी वायर उपसली. तवा..."

"तवा काय?"

"खाट मोकळी. बूट तिथंच. दार उघडं."

मामांनी तळहात गुडघ्यावर घासले.

"रातभर हुडकला. सापडला दिस उगवताना. शिक्रापूरच्या वाटंला, एका झाडाखाली. उकिडवा. अनवाणी. गेल्याला. पप्पूनं बापाच्या तोंडावरनं हात फिरवला. मिशीवर पांढरं साचल्यालं. त्याच्या बोटाखाली..."

"काय?"

"इरघळलं."

मला राग आला होता. भीती वाटली असं मी तेव्हा कबूल केलं नसतं.

"पौषातली थंडी आहे," मी म्हणाले. "दव पडतं. म्हातारा माणूस घाबरून बाहेर पडला, हृदय बंद पडलं. यात ऐकणारा कुठं आला? तुम्हाला आत्या इथून हलायला नकोय, सरळ बोला ना. ती गेली तर गोठा कोण बघणार?"

"तोंड सांभाळ, ताई," स्वराज उठून उभा राहिला. "मामांचा साडू मेलाय त्यात."

"बस रं," मामा त्याला म्हणाले. मग माझ्याकडं वळले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज कडक झाला. "गोठा चुलीत गेला. मला ही बाई जित्ती पाहिजे. तू तिला काचंच्या गाडीत बसवशील, मोठ्या मायेनं बसवशील. पर तिथं उतरवशील. आन् तू नाव घेतलंस. हितं, समद्यांच्या देखत, रातच्याला. आता तो निघाला."

"तूच बोलावलंस त्याला," स्वराज म्हणाला आणि निघून गेला. त्याच्यामागून बाकीचेही एकेक करून उठले. जाताना कुणी माझ्याशी बोललं नाही.

मामा, आत्या आणि मी, तिघंच उरलो. आत्या इतका वेळ एक शब्द बोलली नव्हती.

"तात्याबाच्या मातीला मी गेले हुते," ती म्हणाली. "मच्छिंदर खोटं बोलत न्हाई."

इतक्या दिवसांचं माझं सगळं तिथंच कोसळलं असं वाटलं.

"पर मला जायाचं हाय."

"अक्का," मामा म्हणाले.

"जल्मभर भीत-भीतच चालले की रं. घाटात, रानात, लोकांच्या शिवारात. आता भ्यायचंच हाय तर बसून भीन." तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि उठली. "चल गं. मला दाव ते ठेसन."

मामांनी अडवलं नाही. ते शेकोटीकडंच बघत बसले.

आत येऊन मी फोनवर तो कॅमेरा लावला. तिकडं संध्याकाळ होती. बर्फ पडत होतं. दिवे, रूळ, एक बाक. माणूस कुणीच नव्हतं. मी श्वास सोडला. "बघ," मी म्हणाले.

आत्यानं फोन डोळ्यांजवळ नेला. चष्मा नसताना तिला फारसं दिसत नाही. "समदं पांढरं हाय गं," ती म्हणाली. "लई ग्वाड." बराच वेळ ती तसंच बघत राहिली, मग फोन माझ्या हातात देऊन आडवी झाली आणि लगेच झोपली.

मी बघत राहिले.

फलाट पांढरा होता. बाक पांढरं. रुळांमधली खडीसुद्धा पांढरी. फक्त बाकाच्या शेजारी, खाली, एक जागा मोकळी होती. काळा दगड दिसत होता. बर्फ तिथंही पडत होतं. साचत नव्हतं.

गटाराचं झाकण असेल. खालून गरम पाण्याचा पाइप जात असेल. अशी झाकणं मी तिकडं शेकड्यांनी पाहिली आहेत. त्यांच्यावर बर्फ टिकत नाही. ती गोल असतात.

हे गोल नव्हतं. उकिडवं बसलेलं माणूस जेवढी जागा घेईल तेवढी ती जागा होती. आणि तिच्यापुढं एक सरळ, काळी रेघ. काठीएवढी.

भोवती पाऊल कुठंच नव्हतं... येणारंही नाही. जाणारंही नाही.

मी फोन बंद केला. आत्याच्या श्वासाचा आवाज ऐकत पडून राहिले. झोप लागली नाही.

सकाळी मामा गोठ्यात शेण काढत होते. त्यांनी मला काही विचारलं नाही आणि मीही त्यांना काही सांगितलं नाही. लॅपटॉप उघडून मी तिकिटं काढली, दोन, माझं आणि आत्याचं. पण त्या लाल गाडीची नाही. इतकी वर्षं जी गाडी मनात धरून बसले होते, ती सोडली. त्या स्टेशनावर थांबणारी प्रत्येक गाडी सोडली. आल्प्समध्ये काचेच्या खिडक्यांच्या गाड्या आणखी आहेत, दुसऱ्या वाटांनी जाणाऱ्या. त्यांतली एक मी निवडली. मुक्काम कुठं, ते मामांना सांगितलं नाही. आत्यालाही नाही.

इथंही लिहिलेलं नाही.